अक्षरांपाशी अडणारे मूल आणि घराचे कर्तव्य

पुणे शहराला विद्येचे माहेरघर म्हणवून घेण्याची हौस फार जुनी आहे. आणि ज्या नगरीत चारचौघांत मुलाची ओळख करून देताना त्याच्या नावापाठोपाठ शाळेचे नाव व शाळेच्या नावापाठोपाठ त्याचे टक्के सांगण्याचा शिरस्ता पडून गेला आहे, त्या नगरीत एखादे सात-आठ वर्षांचे, बोलण्यात चुणचुणीत, शंका विचारण्यात बिनतोड आणि एकदा ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलासह सांगणारे मूल पुस्तकाचे पान समोर येताच जेव्हा गप्प होते, तेव्हा त्या घरावर काय प्रसंग ओढवतो याची कल्पना बाहेरच्यांना सहसा येत नाही. शेजारी म्हणतात, लाडावून ठेवले आहे. बाई वहीत लिहून पाठवतात, लक्ष देत नाही. आणि आईबाप, कामावरून थकून आलेले असतानाही, संध्याकाळी दप्तर उघडून शाळेत सकाळी जे पाच तास झाले तेच आणखी दोन तास घडवून आणतात, ज्याचा शेवट मुलाच्या रडण्यात आणि मोठ्यांच्या पश्चात्तापात होतो. प्रस्तुत लेख या दोन तासांविषयी आहे. त्याचे मुख्य सूत्र एवढेच की, अशा मुलाच्या घराने दुसरी शाळा होण्याचा हव्यास सोडून द्यावा, आणि भरलेल्या वर्गाला जे करता येत नाही, म्हणजे कानाने शिकवणे, हाताने शिकवणे, मुलाची पत राखणे व त्याचे कागदपत्र वेळेवर सिद्ध करणे, ते आपल्याकडे घ्यावे.

आधी कारणाची खातरजमा

मूल वाचत नाही या एका तक्रारीमागे नाना कारणे असू शकतात, आणि कारण न शोधता इलाजाला लागणे हा पालकांना सर्वांत महाग पडणारा उतावळेपणा होय. सर्वांआधी डोळे व कान तपासून घ्यावेत. शेवटच्या बाकावरून फळा न दिसणारे, किंवा वारंवार होणाऱ्या सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठून कमी ऐकू येणारे मूल वर्गात सहज दुर्लक्षी ठरते. त्यानंतर भाषेचा विचार करावा. घरी मराठी, सोसायटीच्या आवारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी ज्या मुलाची रोजची त्रिस्थळी यात्रा चालू असते, ते मूल इंग्रजी वाचताना अडले तर त्याला शब्द अपरिचित आहे म्हणून ते अडते की अक्षर हाताशी लागत नाही म्हणून अडते, हे मराठी वाचायला देऊन पाहिल्यावाचून ठरवू नये. अपुरी झोप, अलीकडेच बदललेली शाळा, घरातील कलह, यांचीही दखल प्रामाणिकपणे घ्यावी.

एवढे सारे पाहून झाल्यावर, आणि नीट शिकवण्याची तजवीज करूनही निदान सहा महिने अडचण जशीच्या तशी राहिली, तर मात्र ज्याला शासकीय कागदांत अध्ययन अक्षमता आणि पालकांच्या बोलण्यात 'एल.डी.' म्हणतात तिची शक्यता लक्षात घ्यावी. ही काही आजकालच्या डॉक्टरांनी काढलेली नवी टूम नव्हे. १८९६ साली इंग्लंडातील प्रिंगल मॉर्गन या वैद्याने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो मुलगा हुशार होता, गणितात चांगला होता, परंतु वर्षानुवर्षे शिकवूनही साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते, आणि त्याच्या मास्तरांचे मत असे पडले होते की, शाळेचे सारे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा सर्वांत चलाख ठरला असता. आजच्या वैद्यकीय ग्रंथांत शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांमागे पाच ते पंधरा मुलांना या ना त्या स्वरूपाची अशी अडचण असते असा अंदाज दिलेला आढळतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले तरी असावयाचीच. हिचा बुद्धीच्या कमीपणाशी संबंध नसतो, आळसाशी तर नसतोच. उलट ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते, आणि मुलाच्या वडिलांनी अथवा मामाने आपले शाळेचे दिवस खरेपणाने आठवून पाहिले तर मुलावरचा त्यांचा राग निम्म्याने उतरेल.

लक्ष ठेवण्याजोग्या खुणा साध्या आहेत. शब्दातील ध्वनी सुटे करून सांगता न येणे, काल ओळखलेले अक्षर आज अनोळखी होणे, पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देणे, फळ्यावरचा मजकूर उतरवताना ओळी गाळणे, तोंडी उत्तर चोख असून लिहिताना तेच अर्धे येणे, आणि वाचायची वेळ आली की नेमके पोट दुखणे, यांपैकी बऱ्याच गोष्टी एकत्र व दीर्घकाळ दिसल्या तर तज्ज्ञांकडे जावे. सहा-सात वर्षांच्या मुलाने एखादे अक्षर उलटे काढले एवढ्यावरून मात्र हवालदिल होऊ नये. ती बहुतेक मुलांच्या वाटेवरची एक पायरीच असते. तसेच, तपासणीची तारीख पुढे आहे म्हणून मदत लांबणीवर टाकण्याचेही कारण नाही, कारण पुढे सांगितलेले उपाय ज्या मुलाला कोणतीही अक्षमता नाही त्यालाही हितकारकच ठरतील.

आपल्या लिपीतील अडचणीच्या जागा

आपली लिपी उच्चारानुसारी असल्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे, आणि इंग्रजी स्पेलिंगच्या मानाने मराठी मुलाच्या डोक्यावरचा भार हलका आहे हेही खरे. परंतु ज्या जागी ही लिपी उच्चाराचा क्रम सोडते नेमक्या त्या जागी आपले मूल अडते, याची जाणीव पुष्कळ सुशिक्षित पालकांनाही नसते. 'किल्ला' म्हणताना मुलाच्या कानावर आधी क् आणि मागाहून इ पडते, डोळ्यांना मात्र वेलांटी आधी व क नंतर दिसतो. 'पर्वती' या शब्दात र उच्चारला जातो व च्या आधी, पण त्याची खूण रफार होऊन व च्या डोक्यावर जाऊन बसते. तोच र 'प्रभात'मध्ये प च्या पोटातील तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये ट च्या पायाशी जातो आणि 'दऱ्या'मध्ये आणखी निराळेच रूप धारण करतो. याखेरीज घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, ट, ठ आणि ढ, अशी एकमेकांच्या शेजारी उभी केल्यास मोठ्यांनाही क्षणभर चकवतील अशी अक्षरे आहेत. 'दिवस'चा 'दविस' करणारे मूल निष्काळजी नसून, कान आणि डोळा यांच्या परस्परविरुद्ध साक्षींतून आपल्या परीने मार्ग काढीत असते.

यावरचा उपाय आपल्याच परंपरेत आहे. पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवीत, आणि गिरवताना ते मोठ्याने म्हणत. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन या वैद्याने व ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकेने १९३०च्या दशकात डोळा, कान, जीभ आणि हात यांना एकाच वेळी राबवणारी जी अध्यापनपद्धती उभी केली, आणि जिच्या पायावर आजचे बहुतेक उपचारात्मक अध्यापन चालते, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. धूळपाटी आज मिळणार नाही, पण स्वयंपाकघरातील ताट आणि बारीक रवा मिळतो. ताटाचा तळ जेमतेम झाकेल एवढाच रवा पसरावा. जास्त पसरला की रेघ बुजते. प्रथम मोठ्यांनी तळहाताएवढे अक्षर काढावे आणि त्याचा ध्वनी उच्चारावा. मुलाने त्याच रेघेवरून तर्जनी फिरवीत तोच ध्वनी मोठ्याने म्हणावा, मग ताट हलवून पुसावे आणि न बघता पुन्हा काढावे. तीन वेळा जमले की एकदा डोळे मिटून काढावे. वेलांटी शिकवताना डावीकडे पुरेशी जागा सोडून आधी क काढू द्यावा, म्हणू द्यावा, आणि मग 'कि' म्हणत वेलांटी जोडू द्यावी. कानाने ऐकलेला क्रम हाताने तसाच चालवला म्हणजे वेलांटी 'आधी दिसते पण नंतर बोलते' ही गोष्ट मुलाच्या ध्यानी येते. मागाहून वहीत काही दिवस वेलांटी व रफार तांबड्या पेन्सिलीने काढू द्यावेत.

येथे दोन पथ्ये आहेत. एका बैठकीत एक, फार तर दोन अक्षरे घ्यावीत; आणि दिसायला सारखी असलेली जोडी एकाच आठवड्यात कधीही शिकवू नये. भ पक्का होऊन दोन-तीन आठवडे लोटल्यावर म घ्यावा. शाळेचा वेग निराळा असेल, तो असू द्यावा. घराला अभ्यासक्रम पुरा करावयाचा नाही.

अक्षरे हाती येऊ लागली की वाचनाचे साहित्य पुस्तकात शोधण्याऐवजी रस्त्यावर शोधावे. पीएमपीच्या बसवरील मराठी पाट्या हे या शहराने फुकट दिलेले, सोप्याकडून अवघडाकडे नेणारे उत्तम क्रमिक पुस्तक आहे. 'हडपसर' या नावात काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. पाच सरळ अक्षरे एकामागून एक म्हटली की गाव हजर होते, म्हणून पहिला धडा हडपसरचा. त्यानंतर 'खडकी', मग ऱ्हस्व व दीर्घ दोन्ही वेलांट्या असलेली 'निगडी', मग 'कोथरूड', मग त्र आणणारे 'कात्रज', आणि शेवटी 'स्वारगेट'. बस येईपर्यंत पाटी वाचावयाची आणि आपली बस असेल तर हात करावयाचा, यात वाचनाला जे प्रयोजन लाभते ते दहा ओळींच्या धड्याला लाभत नाही.

कानाचा अभ्यास

वाचता न येण्याचे मूळ पुष्कळदा डोळ्यांत नसून कानांत असते. म्हणजे ऐकू नीट येते, पण ऐकलेल्या शब्दाचे ध्वनी सुटे करणे, मागेपुढे करणे, पुन्हा जोडणे हे मुलाला साधत नाही. या व्यायामाला पुस्तक लागतच नाही, आणि मराठी घरांत त्याचे खेळ पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहेत. गावांच्या किंवा गाण्यांच्या भेंड्या लावताना शब्दाचे शेवटचे अक्षर पकडावे लागते, हाच तो अभ्यास. त्याहून वरच्या पायरीची 'च'ची भाषा; शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यावयाचे आणि त्याच्या जागी 'च' बसवावयाचा, म्हणजे 'मला'चे 'चलाम' होते आणि 'पुणे'चे 'चणेपु'. मोठ्यांना न कळावे म्हणून मुले बोलतात ती ही गुप्त भाषा ज्या मुलाला सफाईने बोलता येते त्याच्या कानाची तयारी झाली असे खुशाल समजावे. ज्याला येत नाही त्याच्याशी आधी दोन अक्षरी, मग तीन अक्षरी शब्दांनी रोज पाच मिनिटे हा खेळ खेळावा. शनिवारी आजोबांनाही त्यात ओढावे, कारण आजोबा हमखास चुकतात आणि मुलाला दुसऱ्याची चूक सुधारण्याचा दुर्मीळ मान मिळतो.

दुसरी गोष्ट वाचून दाखवण्याची. मुलाला वाचता येत नाही म्हणून त्याचे ज्ञान त्याच्या वाचनाच्या पातळीवर अडकून पडू देणे हा मोठा अन्याय आहे. आठ वर्षांच्या बुद्धीला आठ वर्षांच्या तोडीचेच वाङ्मय हवे असते; ते त्याने डोळ्यांनी घ्यावे की कानांनी, हा प्रश्न गौण आहे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेले 'किशोर' मासिक, शिवकालातील गोष्टी, प्राण्यांची माहिती, वर्तमानपत्रातील क्रिकेटचे वृत्त, जे त्याला आवडेल ते रोज रात्री मोठ्याने वाचावे, ओळीखालून बोट फिरवीत वाचावे, आणि मध्येच 'आता तू वाच' असे म्हणण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' ॲपमधील साहित्य ऐकता-पाहता येते आणि पुस्तकांच्या प्रती ई-बालभारतीवरून उतरवून घेता येतात, त्यांचाही उपयोग करावा. एखादा धडा मोठ्या टायपात, ओळींमध्ये अंतर सोडून छापून दिला तर काही मुलांची दमछाक कमी होते. गणेशोत्सवात जे मूल पाचही आरत्या न चुकता म्हणते त्याच्या स्मरणशक्तीविषयी घरात शंका घेतली जाऊ नये.

आकड्यांची उलटापालट

अक्षरांपाशी अडणाऱ्या मुलांपैकी काही आकड्यांपाशीही अडतात, आणि येथे मराठी संख्यानामांचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे. 'पंचवीस' ऐकताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागाहून, लिहिताना मात्र दोन आधी व पाच नंतर. म्हणून मूल ५२ लिहून मोकळे होते. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहावयाचा असतो २९. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची सोपी रीत दिली, तेव्हा वर्तमानपत्रांतून व विधिमंडळातूनही मोठे वादळ उठले आणि भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे मात्र एवढेच होते की जोडाक्षरयुक्त संख्यानामांनी मुलाच्या मनात गणिताविषयी भीती बसू नये. वादाचा निकाल काहीही असो, घरात या रीतीचा अवलंब करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. दहा रुपयांच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घेऊन बसावे. दोन नोटा ठेवून 'वीस', पाच नाणी ठेवून 'पाच', दोन्ही मिळून 'वीस पाच, म्हणजे पंचवीस', असे म्हणत लिहू द्यावे. एकोणतीससाठी तीन नोटा मांडून, एक रुपया काढून घेतल्यावर काय होते ते सुटे करून दाखवावे.

मंडईत मुलाला बरोबर न्यावे आणि पाव किलो भेंडीचे पैसे त्याच्या हातून द्यावेत. परत आलेली मोड त्यानेच मोजावी, आणि मागच्या गिऱ्हाइकाच्या घाईचा ताण त्याच्यावर येऊ नये म्हणून गर्दीची वेळ टाळावी. पाढ्यांचे पाठांतर अशा मुलांना फार जड जाते. पाढा पाठ नाही याचा अर्थ गुणाकार समजत नाही असा नव्हे. पाढ्यांचा तक्ता भिंतीवर लावून तो पाहून उदाहरण सोडवण्याची पूर्ण मुभा द्यावी. दोन, पाच आणि दहा हे तीन पाढे आले की व्यवहाराचा बराच भाग उरकतो.

वेळ, गृहपाठ आणि शाळेशी मसलत

हा सारा अभ्यास दिवसातून एकदा, पंधरा ते वीस मिनिटे, ठराविक वेळी, आणि शाळेतून आल्यावर खाणे व खेळणे झाल्यानंतरच करावा. घड्याळ समोर ठेवून वेळ संपताच थांबावे. जमत असेल तरी थांबावे, म्हणजे उद्या बसण्याची इच्छा शिल्लक राहते. शिकवणाऱ्याचा आवाज चढू लागला तर त्या दिवसाचा पाठ तेथेच बंद करावा. आईला हे काम जमत नसेल तर वडिलांनी, मावशीने किंवा शेजारच्या कॉलेजातील ताईने करावे. शिकवणारा कोण यापेक्षा तो शांत आहे की नाही याला महत्त्व आहे.

गृहपाठाविषयी वर्गशिक्षिकेची वेळ मागून घ्यावी आणि तक्रारीच्या सुरात न बोलता नेमक्या विनंत्या कराव्यात: फळ्यावरचा मजकूर उतरवण्याऐवजी त्याचा फोटो मिळावा, दहा प्रश्नांऐवजी चार लिहिण्याची व उरलेले तोंडी सांगण्याची सवलत असावी, वर्गासमोर अचानक प्रकट वाचन सांगू नये, शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या व आशयाचे गुण वेगळे धरावेत. बैठकीत जे ठरेल ते दोन ओळींत लिहून शिक्षिकेकडे पाठवावे; पुढच्या वर्षी वर्ग बदलला की हीच चिठ्ठी नव्या बाईंना दाखवता येते.

मुलाची पत

रोज पाच-सहा तास जेथे आपण सर्वांत मागे आहोत हे पदोपदी कळते अशा ठिकाणी बसणाऱ्या मुलाला, आपण कोठेतरी पुढे आहोत असा अनुभव आठवड्यातून दोनदा तरी मिळालाच पाहिजे, आणि तो मिळवून देणे हे शाळेबाहेरच्या वेळेचे सर्वांत मोठे प्रयोजन आहे. या बाबतीत पुण्यातील पालक भाग्यवान आहेत. स्वारगेटजवळच्या गरवारे बालभवनात मुलांना परीक्षेविना खेळणे, गाणे, चित्रे काढणे व नाटक करणे यांची सोय अनेक वर्षे आहे. टिळक रस्त्यावर १९२४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रीय मंडळाने व्यायामाची परंपरा जपली आहे. तबल्याचे, मातीकामाचे, पोहण्याचे वर्ग तर पेठोपेठी आहेत. कोथरूडच्या लक्ष्मीनगरात पालकनीती परिवाराने चालवलेले 'खेळघर' आणि १९८७ पासून निघणारे 'पालकनीती' मासिक यांनी मुलाला शिकवण्यापूर्वी त्याला समजून घेण्याचा जो आग्रह धरला, तो प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. मात्र छंदाच्या वर्गाची निवड मुलाच्या आवडीवरून करावी, आणि अभ्यास झाला नाही म्हणून तो वर्ग बंद करण्याची शिक्षा कधीही देऊ नये; ज्या एका फांदीवर मूल बसले आहे तीच तोडण्यासारखे ते होईल.

घरातही मुलाची पत सांभाळावी लागते. धाकटी बहीण भराभर वाचू लागली की थोरल्याच्या मनाची कालवाकालव होते. म्हणून दोघांचा अभ्यास एका टेबलावर घेऊ नये आणि गुणपत्रिका एका बैठकीत उघडू नयेत. लग्नकार्यात 'कितवीत आहेस, किती मार्क पडले?' असे विचारणाऱ्या नातलगांना आईबापांनी हसतमुखाने पण ठामपणे दुसऱ्या विषयाकडे वळवावे. आणि मुलाला स्वतःला काय सांगावे? खरे तेच, त्याला पेलेल एवढे: की त्याचे डोके चांगले आहे, अक्षरे त्याच्याशी थोड्या उशिरा मैत्री करतात, पुष्कळ माणसांचे असेच असते, आणि त्यासाठी वेगळ्या रीतीने शिकावे लागते. जे मूल आपल्या अडचणीचे कारण जाणत नाही ते मनोमन स्वतःला ढ ठरवून टाकते, आणि तो निकाल फिरवण्यास पुढे फार यातायात पडते.

तज्ज्ञ, दाखला आणि दप्तर

तपासणी एका बैठकीत होत नाही. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून बुद्धिमापन व वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घ्यावयाच्या असतात. पुण्यात रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाचे टी.डी.एच. पुनर्वसन व मॉरिस बालविकास केंद्र, तसेच सदाशिव पेठेतील ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था अशा ठिकाणी मार्गदर्शन मिळू शकते. खासगी विशेष शिक्षक नेमताना तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे की नाही, हे नोंदणी क्रमांक मागून पाहावे. संकोच बाळगू नये. तीन महिन्यांत एल.डी. पूर्ण बरी करण्याची हमी देणारे, किंवा डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन शिकवणाऱ्या 'मिडब्रेन' वर्गांची भलामण करणारे भेटले तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचवून परत फिरावे. ही अडचण औषधाने जाणारी नाही. योग्य शिकवण्याने तिचा जाच पुष्कळ कमी होतो.

दाखल्याची बाब निराळी आहे. महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेतील सवलती १९९६ सालीच मान्य केल्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने कायद्यातील दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश केला. केंद्र शासनाच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच दाखला द्यावा आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी व्हावी असा शिरस्ता घालून दिला. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून अर्ज करतेवेळी चालू नियमाची खातरजमा करून घ्यावी. अर्ज 'स्वावलंबन' या शासकीय संकेतस्थळावर करावयाचा असतो आणि तपासणी ससूनसारख्या शासकीय रुग्णालयात होते. खासगी केंद्राचा अहवाल मुलाला कसे शिकवावे हे सांगतो, पण परीक्षेतील सवलतीसाठी शासकीय दाखलाच पुढे करावा लागतो. दोहोंची गल्लत करू नये. या दाखल्याच्या आधारे जादा वेळ, जो सर्वसाधारणपणे तासामागे वीस मिनिटे असतो, लेखनिक, आणि इतर सवलती मिळतात. दहावीच्या परीक्षेआधी दोन महिने धावपळ करणारे पालक रुग्णालयाच्या रांगेत पाहिले म्हणजे वाटते की तिसरी-चौथीतच हे काम उरकून ठेवले असते तर किती मनस्ताप टळला असता. ज्यांना नेहमीची शाळा पुढे झेपणार नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्गही खुला आहे, हे ध्यानात असू द्यावे. पण तो निर्णय लहान वयात घेण्याची घाई नको.

अनेक पालक दाखल्याच्या नावानेच दचकतात. मुलाच्या कपाळी कायमचा शिक्का बसेल, पुढे लग्नात अडचण येईल, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की दाखला न घेतल्याने अडचण नाहीशी होत नाही, केवळ तिच्यासाठी मिळणाऱ्या सवलतींचा हक्क नाहीसा होतो. आणि शिक्का तर वर्गाने मुलावर कधीच मारलेला असतो, तो 'ढ' या अक्षराचा. त्यापेक्षा कायद्याने दिलेला निराळा कागद जवळ असणे केव्हाही श्रेयस्कर.

या सर्वांसाठी एक जाड फाईल आजच करावी. तीत तारीखवार डॉक्टरांचे अहवाल, चाचण्यांचे निकाल, शाळेशी झालेला पत्रव्यवहार, मुलाच्या वहीची दर तीन महिन्यांनी काढलेली एकेक झेरॉक्स प्रत, आणि घरच्या अभ्यासाची दोन-दोन ओळींची नोंद ठेवावी. नवा डॉक्टर, नवे शिक्षक किंवा कार्यालयातील कारकून यांच्यापुढे ही फाईल ठेवली की दहा प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. तिचा दुसरा उपयोग घरच्यांसाठी आहे. प्रगती इतकी मंद असते की रोज पाहणाऱ्याला ती दिसतच नाही, आणि मग एखाद्या वाईट संध्याकाळी सारेच व्यर्थ असल्याचे वाटू लागते. अशा वेळी जूनमधील वहीचे पान आणि डिसेंबरमधील पान शेजारी ठेवून पाहावे.

दर सहा महिन्यांनी हिशेब घेताना मात्र मुलाने किती पाने वाचली एवढेच मोजू नये. ते शाळेत जाण्यास तक्रार करते काय, चुकल्यावर पुन्हा प्रयत्न करते काय, न समजलेले विचारण्यास धजते काय, आणि रात्रीची गोष्ट ऐकायला स्वतःहून पुस्तक घेऊन येते काय, हे चार प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील तर वाचनाचा वेग मागाहून वाढेल, थोडा कमीच राहिला तरी त्यावाचून मुलाचे अडणार नाही. ती तशी नसतील, तर आधी अभ्यासाचा वेळ निम्मा करावा, खेळाचा वाढवावा आणि शिकवणारा बदलून पाहावा.